चार तारांची गिटार

१६ जानेवारी १९९४, रविवार

माझे सिंबल काढले. मला न विचारता!

सकाळी दहाला गोदामात गेलो तर ड्रमसेट बोडका. तिन्ही स्टँड नुसते उभे. पायाने वाजवायची हायहॅटची जोडीसुद्धा नाही. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या माझ्या पितळी थाळ्या, ज्या मी इतकी वर्षं चिंच लावून घासल्या. विचारलं, कोणी केलं हे? सुधीर बेसच्या तारा फडक्याने पुसत बसला होता. पुसलेल्याच तारा परत पुसत होता. शेवटी हरिहर बोलला. "पर्शा, ऐकून घे. नव्या कॅसेटला नवा साउंड करतोय. सिंबल नकोत."

नकोत म्हणे. ठरवलं कोणी? बँड त्याच्या एकट्याच्या बापाचा आहे का? बापाचाच म्हणायचा तर माझ्या बापाचा आहे. गोदाम दामाजी कोळ्याचं. खाडीत मासळी होती तेव्हा इथे बर्फाच्या लाद्या रचलेल्या असत. भुसा भरलेल्या जाड भिंती, आत कितीही बडवा, बाहेर आवाज नाही. म्हणून तर कोळीवाड्याने आम्हाला सहन केलं. त्र्याहत्तर साली इथेच 'द क्रीक' सुरू केला. मी ड्रम, हरिहर गिटार आणि गाणं, सुधीर बेस. एकवीस वर्षं झाली, माणूस बदलला नाही.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत रॉक म्हटलं की आमचं नाव निघतं. ऐकणारे जाडे झाले, टकले झाले, तरी अजून 'खाडीपूल' मागतात. का मागतात? शेवटचा हरिहरचा गिटारचा सोलो आणि त्यावर माझे सिंबल, त्यासाठी मागतात. चौऱ्याऐंशीच्या कॅसेटवर आहे ते. दहा वर्षांनी दुसरी कॅसेट निघतेय, एप्रिलमध्ये रेकॉर्डिंग, आणि ह्याला सिंबल नकोत.

वाजवलं तसंच. गोधडी धोपटल्यासारखं. घरी आलो. मंजुळाने वाढलं, ताटावरून उठलो.

१७ जानेवारी

राग उतरलेला नाही. उतरू देणारही नाही.

१९ जानेवारी, बुधवार

कारखान्यात शॉपमध्ये डोकं ठिकाणावर नव्हतं. डायच्या साच्यात पत्रा तिरका गेला, तुकडा वाया. धोंडीबा फोरमनने लांबूनच ओठांनी विचारलं, काय झालं? मी ओठांनीच सांगितलं, काही नाही.

आमच्या प्रेस शॉपमध्ये कानाने कोणी बोलत नाही. बारा प्रेस एकदम चालतात, पंख्याच्या वाट्या खणखणत पडत असतात, तिथे ओरडून काय होणार? वागळे इस्टेटमध्ये लागलो तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत ओठ वाचायला शिकलो. सगळेच शिकतात. पंचवीस फुटांवरचा माणूस कोणाबद्दल काय बोलतोय ते कळतं. साहेबाला शिवी द्यायची तर आधी पाठ फिरवावी लागते.

ड्रम मी इथे शिकलो, हे हरिहर विसरला. त्र्याहत्तरला नुसता बडवत होतो. वाजवायला शिकलो ते साठ टनी प्रेससमोर उभा राहून. दाब, सोड, दाब, सोड. मधलं अंतर कधी हलत नाही. तो ठेका अंगात भरून मी रविवारी गोदामात जायचो. धोंडीबा दर सोमवारी कानात घालायला कापसाचे बोळे वाटतो. बाकीचे घालतात. मी वीस वर्षांत एकदाही घातले नाहीत. कान बंद करून ठेका कसा ऐकायचा? ड्रमर आहे मी. बोळे खिशात टाकतो, घरी मंजुळा त्यांच्या वाती करते.

एवढं करून मिळवलेला हात. आणि त्याला आता सांगतात, अर्धाच वाजव.

२३ जानेवारी, रविवार

आज नवीन तमाशा. हरिहरने गिटारच्या बारीक तारा काढून टाकल्या. दोन्ही. चार तारांची गिटार! म्हटलं, आणखी तीन काढ, एक ठेव, तुणतुणं घेऊन दारोदार फिर. हसला नाही. पूर्वी हसायचा.

सगळी गाणी खालच्या सुरात आणलीत. तो स्वतः एवढा वर जाणारा गळा घेऊन जन्माला आला आणि आता छातीतून घुमवतो. चित्रा आहे नवी. डोंबिवलीला मुलांना पेटी शिकवते, डिसेंबरात हरिहरने कीबोर्डवर आणली. तिचा डावा हात चालतो, उजवा मांडीवर. अर्धा कीबोर्ड कोरा! विचारलं, उजव्या हाताला काय झालं? पाठ फिरवून काहीतरी बोलली. तोंडातल्या तोंडात बोलते ती. "परशुदादा" एवढं कळतं, पुढचं सगळं गिळून टाकते. मंजुळा निदान समोर येऊन बोलते.

सुधीरचंही डोकं फिरलंय. बेसच्या स्पीकरचा खोका माझ्या स्टुलाला टेकवून ठेवलाय. प्रत्येक सुराला माझा कणा हलतो. म्हटलं, लांब ने. म्हणाला, "राहू दे रे, जागा कुठाय?" गोदामात दोन टेंपो उभे राहतील एवढी जागा आहे.

कॅसेटवाल्यांनीच भरवलं असणार हरिहरच्या डोक्यात. हल्ली बाजारात जे खपतं ते मशीनचं, जड, ढुम ढुम. बँकेच्या नोकरीत बसून बसून माणसाला बाजार कळायला लागतो. नवा साउंड कसला? हा घाबरलाय. चाळिशी ओलांडली, कोणी विचारणार नाही म्हणून घाबरलाय.

३० जानेवारी, रविवार

प्रॅक्टिसला जुनी कॅसेट घेऊन जाणार होतो. सगळ्यांसमोर 'खाडीपूल' लावायचा, म्हणायचं, हे ऐका, हे आपण होतो. आधी घरी लावून बघितली.

टेप झिजलीय! बेस आहे, माझा मोठा ड्रम आहे, हरिहरचा आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा. सिंबल पुसून गेलेत. सोलोही नाही धड, मधे मधे नुसती खरखर. मंजुळावर ओरडलो. कॅसेट खिडकीत ठेवलीस, उन्हाने गेली! ती माझ्याकडे बघत राहिली. "कपाटात होती हो," म्हणाली. "आणि चांगली वाजतेय की." तिला काय कळतं?

आई ओट्यावर मासळीची पाटी धूत होती. आत येऊन माझ्या खांद्याला हात लावला. "परश्या, कवाची हाका मारतंय तुला. ऐकाला येत नाय कं?" म्हटलं, गाणं चालू होतं ना. ती म्हणाली, "गाना बंद झाल्यावं पन मारली."

आईला, आवडाबाईला, भांडायला निमित्तच लागतं. प्रॅक्टिसला गेलो नाही.

६ फेब्रुवारी, रविवार

आज मी जिंकलो!

चित्राने ठेका देणारं रिदम मशीन आणलं. सांगितलं नव्हतं, थेट आणलं. पुस्तकाएवढा काळा डबा. हरिहर म्हणाला, "स्टुडिओत क्लिकवर वाजवावं लागेल. हेडफोन लाव, टिक टिक ऐकू येईल, त्याच्यावर वाजव." वीस वर्षं साठ टनाच्या ठेक्यावर वाजवणाऱ्याला हा डबा शिकवणार!

लावला हेडफोन. काही नाही. म्हटलं, चालू कर. चित्रा म्हणाली, चालू आहे. मी म्हटलं, डोंबल चालू आहे! मोठं कर. तिने बटण फिरवलं. काही नाही. हेडफोन काढून फेकला. म्हटलं, बिघडलेलं मशीन आणता आणि माझा हात सुधारायला निघता.

चित्राने हेडफोन उचलला, स्वतःच्या कानाला लावला आणि पटकन बाजूला केला. हरिहरकडे बघितलं. मग माझ्याकडे तोंड करून स्वच्छ बोलली, "हो परशुदादा. बिघडलंय."

बघा! सुधीर दारापाशी जाऊन विडी ओढत उभा राहिला. असा आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

१३ फेब्रुवारी, रविवार

चित्राने मशीन दुरुस्त करून आणलं म्हणे. आता त्यातून टिक टिक येत नाही, धप्प धप्प येतं. येतं, कबूल. चांगलं जाड येतं. वाजवलं त्याच्यावर. एकदाही सुटलो नाही. हरिहर खूश. "झकास, पर्शा. आता कॅसेट होणार."

मी म्हटलं, खूश झालास ना, मग ऐक. मशीनवर वाजवतो. खाली वाजवतो. पण 'खाडीपूल' मला जुना पाहिजे. सोलो आणि सिंबल. कॅसेटवर एक गाणं तरी आपलं राहू दे.

तो नाही म्हणाला. मला वाटलं होतं बोलेल, समजावेल. नुसतं "नाही."

मग मी सोडलं नाही. तू विकला गेलास म्हटलं. ह्या बाईच्या डाव्या हातासाठी मला बाजूला करतोस म्हटलं. हे बोलायला नको होतं, चित्राचा चेहरा उतरला. हरिहर तापला. "कल्याणला काय झालं आठवतंय ना?"

आठवतंय! ऑक्टोबरात कल्याणला दीड हजार लोकांसमोर ह्याने सोलो अर्धवट सोडला. सगळे थांबले आणि मी एकटा वाजवत राहिलो. लोक हसले. चूक कोणाची? मानेने इशारा देतो दरवेळी, तेव्हा दिला नाही. म्हटलं, तू सोलो टाकलास तेव्हा! हरिहरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सुधीरने त्याचा दंड धरला. तोंड मिटलं.

मी काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि निघून आलो. सोडला बँड.

१४ फेब्रुवारी

सोडला म्हणजे सोडला.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सुधीर आलेला. खोपटच्या एसटी डेपोतून थेट, अंगावर ग्रीसचे डाग. मंजुळाने चहा दिला. अर्धा तास त्याने बसच्या गिअरबॉक्सबद्दल सांगितलं. सुधीर असाच. जे बोलायचं ते सोडून सगळं बोलतो.

जाताना दारात वळला. समोर उभा राहिला, अगदी समोर, माझ्या तोंडाकडे बघत. "पर्शा, तू नसशील तर कॅसेट नाही."

म्हटलं, मशीन आहे ना तुमचं.

"मशीनची आई..." म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

विचार केला. मी गेलो नाही तर मशीनच वाजेल. सुधीर काही म्हणो. कॅसेटवर ड्रमच्या पुढे एका डब्याचं नाव येईल. हे मी होऊ देणार नाही. रविवारी जाणार. माफी मागणार नाही.

२७ फेब्रुवारी, रविवार

गेलो. माझं स्टूल होतं तिथेच, बेसच्या खोक्याला टेकून. चित्राला म्हटलं, त्या दिवशी चुकलो. तिने मान हलवली. तिची एकटीची माफी मागितली.

हरिहरची नाही.

१० मार्च, गुरुवार

कारखान्यात तपासणीची गाडी आलेली. दरवर्षी छाती बघतात, डोळे बघतात. ह्या वर्षी कानपण. गाडीत काचेची एक पेटी, आत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बसलो. बरेच आवाज आले, दाबलं. मग आवाजच येईना. मी बसून राहिलो. वाटलं, डॉक्टर चहाला गेला. काचेतून बघितलं तर तो तिथेच होता, बटणं फिरवत. माझ्याकडे बघत होता.

कागद दाखवला. त्यावर रेघ. डावीकडे सरळ चालते आणि मग जिन्यावरून पडल्यासारखी खाली. "खालचे आवाज बरे आहेत," म्हणाला. "वरचे गेलेत. दोन्ही कानांचे." परत कधी येणार? "येत नाहीत. शॉप बदलून घ्या, आहे तेवढं तरी राहील." मग विचारलं, कानात काही घालत होता की नाही?

मी म्हटलं, मी ड्रमर आहे. त्याला वाटलं मला प्रश्न ऐकू आला नाही. परत विचारला, मोठ्याने.

वीस वर्षांचे बोळे. दर सोमवारी दोन. मंजुळाने वाती केल्या आणि देवापुढे लावल्या. माझे कान जळले रोज संध्याकाळी, आणि मी हात जोडून उभा होतो.

कागद खिशात आहे. घरी दाखवला नाही.

११ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी मंजुळाला म्हटलं, कुकर लाव. म्हणाली, भात झालाय. म्हटलं, लाव तरी.

समोर पाट घेऊन बसलो. वाफ धरली. शिटी वर उचलली गेली, भोवती वाफ उडाली, खाली बसली. नुसती फुस्स. मला वाटायचं आमचा कुकरच मवाळ आहे. मंजुळाने बोट वर केलं, एक. परत उचलली गेली. दोन बोटं. तिसऱ्याला मी गॅस बंद केला.

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्हालाही माहीत आहे. माणूस आपल्या दुखण्याबद्दल बोलत नाही एखादा, म्हणून मी काढलं नाही." मग म्हणाली, "मी समोर येऊन बोलते ना."

तिच्यावर काय रागावणार? तरी रागावलो. कुकर तसाच राहिला गॅसवर.

१२ मार्च, शनिवार

झोप नाही. सगळं एकेक करून लागतंय.

मशीन बिघडलेलं नव्हतं. टिक टिक येत होती. चित्राने कानाला लावून पटकन काढलं ते आवाज मोठा होता म्हणून! मी मोठ्या ऐटीत हेडफोन फेकला आणि तिने माझ्याकडे बघून खोटं सांगितलं. कॅसेट झिजलेली नाही. कल्याणला हरिहरने सोलो टाकला नव्हता. त्याने पूर्ण वाजवून संपवला होता, आणि मी पुढे निघून गेलो. दीड हजार लोक मला हसले. बरोबरच हसले.

म्हणजे त्यांना माहीत आहे. तिघांना. हरिहर-सुधीरला तर ऑक्टोबरपासून. म्हणून सिंबल काढले. बहिऱ्याच्या हातात झांजा कशाला! म्हणून मशीन. आधी क्लिक, मग धप्प, मग एक दिवस म्हणतील, पर्शा, तू दमलास, मशीनवरच करू. पायरी पायरीने बाहेर काढतायत मला. आणि एकाचीही तोंडावर सांगायची हिंमत नाही. एकवीस वर्षं माझ्या बापाच्या गोदामात वाजवलं!

हरिहर, तू सरळ ये. समोर उभा राहा आणि बोल, तू बहिरा झालास. मी ओठ वाचेन.

१३ मार्च, रविवार

गेलो, वाजवलं, आलो. मला कळलंय हे त्यांना कळू दिलं नाही. चुकलो एकदाही नाही. आता रेकॉर्डिंगपर्यंत चुकणार नाही. काढायचं तर कारण शोधावं लागेल त्यांना.

२० मार्च, रविवार

हरिहर हल्ली वाजवताना प्रेक्षकांच्या जागेकडे तोंड करत नाही. माझ्याकडे करतो. मला वाटायचं प्रेम आहे. पाळत आहे.

२७ मार्च

काल होळी. कोळीवाड्यात पालखीपुढे ढोल-ताशे. ढोल छातीत वाजत होता. ताशेवाल्याचे नुसते हात दिसत होते. तिथे उभं राहवेना.

३ एप्रिल, रविवार

नौपाड्यातला स्टुडिओ. लहानसाच. एका खोलीत आम्ही, मधे मोठी काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगचा मशीनवाला आणि त्याची बटणं. दार लावलं की तिकडचं इकडे येत नाही. हरिहरने गाणी आधीच गायलीत, त्यामुळे मधे मधे तो काचेपलीकडे जाऊन बसतो. ते बोलतात, हसतात, आणि त्यांना वाटतं काच आहे.

प्रेस शॉपमध्ये काचसुद्धा नसते. मी वीस वर्षं असंच ऐकतोय. सकाळी हरिहर मशीनवाल्याला म्हणाला, "चार कटिंग सांग, एक बिनसाखरेचा." पाच मिनिटांनी चार कटिंग आले, त्यात चित्राचा बिनसाखरेचा. मी काही बोललो नाही. कशाला कळू द्यायचं? मला एकच वाक्य पकडायचं होतं. ह्याला कधी काढायचं, हे वाक्य. दिवसभर मान खाली घालून वाजवलं आणि डोळे काचेवर ठेवले.

आज नाही बोलले. चार गाणी झाली. हात चांगला लागला, हे रागातही लिहिलं पाहिजे. पुढच्या रविवारी उरलेली तीन, शेवटी 'खाडीपूल'. कॅसेटवाल्यांचा सहदेव येणार आहे ऐकायला. तो पैसे घालणारा, त्याच्यासमोर ठरेल. तेव्हाच बोलतील.

बोलू देत. काठ्या टाकून त्याच दारातून बाहेर जाईन, आणि गोदामाला कुलूप घालीन.

१० एप्रिल, रविवार

सहदेव आला. दार लावलं. मी स्टुलावर बसून काचेकडे बघत होतो. त्याच्या मिशीमुळे अर्धं सुटलं, पण जेवढं लागलं तेवढं लिहितो. "हे काय केलंत? मला जुना साउंड हवा होता. तो सोलो हवा होता, लोक त्यासाठी घेतील. मी मुंबईहून ड्रमर देतो म्हटलं होतं जानेवारीत, का नाही घेतला?"

हरिहरचं तोंड माझ्या बाजूला होतं. त्याचं एकही अक्षर सुटलं नाही. "पर्शाला जे ऐकू येत नाही ते आम्ही वाजवत नाही. सगळी कॅसेट त्याच्या कानाने बांधलीय. त्याला सांगायचं नाही, तो वाजवायचं सोडेल. तुम्हाला नको असेल तर राहू दे कॅसेट."

मग त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं आणि काहीच झालं नसल्यासारखा अंगठा वर केला. मी खाली वाकून पेडलचा स्क्रू आवळत बसलो. तो घट्टच होता.